एका हातची मर्सिडीज विकताना

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज गाड्यांची एकदम खरेदी झाली. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, अशी चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. त्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या झाल्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच असते, त्यामुळे त्यातल्या ज्या अजून पहिल्या मालकाकडे असतील, त्या मालकापुढे आज एकच प्रश्न आहे: ठेवायची की विकायची?

हा प्रश्न फक्त संभाजीनगरचा नाही. बीड, गेवराई, पाटोदा, अगदी लिंबागणेशसारख्या गावातही एखाद्या डॉक्टरची, गुत्तेदाराची किंवा जिनिंगवाल्याची जुनी मर्सिडीज, काँटेसा नाहीतर स्कोडा ऑक्टाव्हिया शेडमध्ये झाकून ठेवलेली असू शकते. एकाच मालकाने वीस-वीस वर्षं जिवापाड जपलेली. ती विकायची वेळ आली की मालक दोन चुका करतात. एक तर गावातल्या एजंटाने सांगितलेल्या भंगाराच्या भावाला मान डोलावतात, नाहीतर नवी घेतली तेव्हाची किंमत मनात धरून बसतात. दोन्हींत नुकसान आहे. एका हातच्या गाडीला जास्त पैसे मिळतात ते तिच्या बॉनेटवरच्या चांदणीमुळे मिळत नाहीत. ती एका हातची आहे आणि नीट सांभाळली आहे, हे दाखवणाऱ्या पुराव्याचे ते पैसे असतात. म्हणून विक्रीचं निम्मं काम हा पुरावा जमवण्याचं आहे, आणि उरलेलं निम्मं विक्रीनंतर आपलं नाव कागदावरून उतरवण्याचं.

जुनी की क्लासिक?

आधी आपली गाडी कोणत्या बाजारात बसते ते ओळखा. २०१०ची सी-क्लास किंवा ई-क्लास ही आज ‘जुनी आलिशान गाडी’ आहे. तिचा गिऱ्हाईक ती रोज चालवण्यासाठी घेतो, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च बघून तो भाव ठरवतो. १९९५-९६ची मर्सिडीज ई-२२० वेगळी. मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत पुण्यात आली आणि १९९५ पासून डब्ल्यू-१२४ या घडणीच्या गाड्या इथे जोडल्या जाऊ लागल्या. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत किमान तीस वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी ऐतिहासिक धरली जाते. त्या हिशेबाने पुण्यात जोडलेल्या पहिल्या मर्सिडीज आता त्या उंबऱ्यात आल्या आहेत. अशा गाडीचा गिऱ्हाईक शौकीन असतो. मायलेज किती हे तो शेवटी विचारतो. रंग मूळचा आहे का, हे आधी.

आपला कायदा मात्र तीस वर्षांना ‘व्हिंटेज’ म्हणत नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाडीलाच ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते. तिचं शुल्क २०,००० रुपये आहे, ती दहा वर्षं चालते, पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. तुमच्या गाडीला पन्नास झाली नसतील तर जाहिरातीत ‘व्हिंटेज’ शब्द घालू नका. जाणकार गिऱ्हाईक तिथेच पुढचं वाचायचं सोडतो.

‘पंधरा झाली, आता भंगार’

हे वाक्य एजंटाच्या तोंडून हमखास ऐकाल. ते खरं नाही. वयाच्या आधारावर गाडी बंद करण्याचा वाद दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्राचा आहे. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. महाराष्ट्रात खासगी गाडी आरटीओच्या तपासणीत पास झाली की तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यासाठी मुदत संपण्याआधी साठ दिवसांत फॉर्म २५ भरायचा. २०२२ पासून मोटारीला हे शुल्क ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं गेलं. परदेशातून आयात केलेल्या गाड्यांना याहून कितीतरी जास्त लागतं. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. शुल्कं बदलत राहतात, म्हणून भरण्याआधी परिवहन पोर्टलवर ताजा आकडा पाहून घ्या.

आता हिशेब करा. नोंदणीची मुदत संपलेली गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक नूतनीकरणाच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम भावातून कापतो, कारण तपासणीत गाडी अडेल ही धास्ती त्याची असते. तुम्ही स्वतः बीडच्या आरटीओत नेऊन पास करून घेतलीत, तर ती धास्ती संपते आणि हातात पाच वर्षांची आरसी येते. विक्रीआधी केलेला हा सर्वांत वसूल होणारा खर्च.

फाइल तयार करा

एक जाड फाइल घ्या आणि त्यात पुढच्या गोष्टी क्रमाने लावा.

आरसी: नव्वदच्या दशकातली आरसी पुस्तिकेच्या रूपात असेल, तर गाडीची माहिती ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का ते आधी तपासा. जुन्या नोंदी कधी कधी संगणकावर चढलेल्याच नसतात. त्यासाठी आरटीओत ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. गिऱ्हाईक दारात असताना हे कळलं तर सौदा महिनाभर लटकतो.

बोजा: कर्ज दहा वर्षांपूर्वी फेडलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच, ही मराठवाड्यात घरोघरची गोष्ट आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. बँकेची शाखा बंद झाली असेल किंवा बँकच दुसरीत विलीन झाली असेल, तर हा कागद मिळवायला वेळ लागतो. म्हणून सुरुवात इथून करा.

नंबरप्लेट, चलन, पीयूसी: १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी ही सुरक्षित नंबरप्लेट बसवणं बंधनकारक आहे; ती नसेल तर नाव बदलण्याचं काम आरटीओत अडतं. गाडीवरची ई-चलनं ऑनलाइन पाहून भरून टाका. पीयूसी आणि विमा चालू ठेवा.

सर्व्हिसचा इतिहास: पुस्तिका, बिलं, बॅटरी-टायरच्या पावत्या, काहीही फेकू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटर सुटल्यावर स्थानिक फिटरकडे काम केलं असेल, तर त्याच्याकडून हाताने लिहिलेलं बिलही चालेल. मूळ खरेदीची पावती, दुसरी किल्ली आणि मर्सिडीज असेल तर मूळ जोडणीची यादी देणारं डेटा कार्ड असेल, तर ते फाइलच्या पहिल्याच पानावर लावा. आयात गाडीचे कस्टमचे कागद हवेतच.

मालक कोण: गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. बाकीच्या वारसांची संमती लेखी घ्या. कागदावर अशी गाडी दुसऱ्या मालकाची होते. ‘वडिलांची, नंतर माझी, बाहेर कुणाकडे गेली नाही’ असं सरळ सांगा. गिऱ्हाईकाला ते पटतं. गाडी धंद्याच्या नावावर असेल आणि तिचा घसारा दाखवला असेल, तर जीएसटी आणि आयकराचा प्रश्न येतो, सीएला विचारा. घरच्या वापरातली गाडी एका माणसाने दुसऱ्याला विकली तर तिच्यावर जीएसटी लागत नाही.

काय दुरुस्त करायचं, काय सोडायचं

सर्वांत मोठी चूक म्हणजे विक्रीआधी पूर्ण रंग मारणं. जाणकार माणूस येताना रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर घेऊन येतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. खाली पुट्टी असेल तर आकडा कितीतरी वर उडी मारतो. नव्या रंगाची चकचकीत गाडी पाहिली की अपघात लपवला असावा, हा पहिला संशय येतो. त्यापेक्षा वीस वर्षांचे दोन ओरखडे बरे.

बैलबाजारात जाणता शेतकरी आधी जनावराचे दात पाहतो, तसा हा माणूस टायरच्या कडेवरचे चार आकडे पाहतो. २३१९ असं छापलं असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मग सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का आहे का, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, डिकीतला गालिचा उचलल्यावर स्टेपनीखालचा पत्रा सरळ आहे का. हे सगळं त्याच्याआधी तुम्ही पाहा. एखादी काच बदललेली असेल तर का बदलली ते लिहून ठेवा. लपवलेलं सापडलं की बाकीची फाइलही खोटी वाटू लागते.

आपल्या भागाचा एक फायदा आहे. बीडच्या कोरड्या हवेत पत्र्याला गंज कमी लागतो. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीशी तुलना केली की फरक दिसतो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून खालून फोटो काढा. हेच ऊन मात्र डॅशबोर्डला भेगा पाडतं, दारांचं रबर कडक करतं आणि छताचं कापड सोडवतं. दारांची रबरं आणि वायपर बदलणं स्वस्तात होतं, ते करून घ्या. शेतातल्या शेडमध्ये उभ्या गाडीला आणखी एक शत्रू असतो: उंदीर. वायरिंग कुरतडलं आहे का ते चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

गाडी बराच काळ उभी असेल, तर जागच्या जागी इंजिन चालू ठेवून भागत नाही. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. बॅटरी, एसीचा गॅस, सगळे दिवे आणि काचा खालीवर होणं, एवढं चालू हवं. नंतर लावलेले भडक दिवे, स्टिकर, सीटवरची कव्हरं काढा. मूळ टेप किंवा मूळ चाकं काढून ठेवली असतील तर शोधून सोबत द्या. शौकीन गिऱ्हाईक त्यांचे वेगळे पैसे मोजतो.

भाव कसा काढायचा

तुमच्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या आणि त्याच इंधनाच्या गाड्या पुणे, मुंबई, संभाजीनगरात काय मागून विकायला लावल्या आहेत ते पाहा. लक्षात ठेवा, तो मागणीचा भाव असतो, सौद्याचा नाही. मग एखाद्या स्वतंत्र वर्कशॉपकडून बाकी दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या आणि तो वजा करा. २०१०च्या गाडीला एवढा हिशेब पुरतो. क्लासिक गाडीला मात्र ठरलेला बाजारभाव नसतो. मूळपणा, फाइलची जाडी आणि मूळ सुटे भाग यांवर एकाच सालच्या दोन गाड्यांत दुपटीचा फरक पडू शकतो. अशा गाडीची किंमत गॅरेजवाल्याला न विचारता जुन्या गाड्यांच्या क्लबांना विचारा.

भाव ठरवताना तीन आकडे कागदावर लिहून ठेवा: मागायचा, पटेल असा, आणि ज्याच्या खाली जायचं नाही असा. तिसरा आकडा घरच्यांना सांगून ठेवा. घासाघीस सुरू झाली की आपलंच मन आधी ढळतं.

गिऱ्हाईक शोधताना

खरं गिऱ्हाईक बहुधा बीड जिल्ह्यात नसणार. क्लासिक गाडीसाठी मुंबईतली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांच्या वर्तुळात शब्द टाका. मुंबईत २०१४ पासून जुन्या मर्सिडीज गाड्यांची रॅली भरत आली आहे. तिथे येणारी मंडळी हीच तुमची पार्टी. ती पुण्याहून आली, तर अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत दोनशे किलोमीटरच्या वर येणार. म्हणून फोनवर आणि फोटोंतच सगळं उघड सांगा, नाहीतर दोघांचाही दिवस वाया जातो.

जाहिरात अशी लिहा:

‘मर्सिडीज ई-२२०, १९९६, पेट्रोल, एमएच-२३ पासिंग, पहिला मालक. १,४२,००० किमी. नोंदणीचं नूतनीकरण झालेलं, बोजा नाही. सर्व्हिसची बिलं आणि दोन्ही किल्ल्या आहेत. रंग मूळचा, डावा मागचा दरवाजा टच-अप. उणिवा: छताचं कापड मागच्या बाजूला सुटलं आहे, दुपारच्या उन्हात एसी कमी पडतो. गाडी लिंबागणेशला पाहता येईल.’

उणिवांची ती ओळ गाळू नका. ती वाचून जो येतो, तो खरोखर घ्यायला येतो. दिल्ली भागातून फोन आला, तर तिथे ही गाडी नोंदवता येईल का हे त्यालाच आधी आरटीओत विचारायला सांगा.

पार्टी येईल त्या दिवशी इंजिन आधीच गरम करून ठेवू नका. थंड इंजिन त्याच्यासमोर चालू होऊ द्या. आदल्या दिवशी इंजिन धुऊनही घेऊ नका. तेलाची गळती लपवली असं वाटतं. ट्रायल देण्याआधी त्याच्या लायसन्सचा फोटो घ्या आणि शेजारी स्वतः बसा. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी चढवून दाखवा. तापमानाचा काटा घाटात जागचा हलला नाही, तर इंजिनबद्दल तुम्हाला आणखी काही सांगावं लागत नाही. त्याला स्वतःचा फिटर आणायचा असेल, तर खुशाल आणू द्या.

इसार आणि पैसे

इसार घेतला की पावती द्या: रक्कम, उरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि सौदा मोडला तर इसाराचं काय. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘अर्धे रोख देतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच नाही म्हणा. पैसे आरटीजीएसने घ्या. मोबाइलवर दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, डिमांड ड्राफ्टही बनावट निघतात. आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच किल्ली द्या. आणि बीड जिल्ह्यातल्या मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवीदारांचे पैसे अडकल्याचं आपण पाहिलं आहे, म्हणून एवढी रक्कम पतसंस्थेच्या नव्हे, बँकेच्या खात्यात घ्या.

नाव उतरेपर्यंत गाडी तुमचीच

आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत अशी: मालक कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, एजंट ‘टीटी करून घेतो’, म्हणजे नाव बदलून घेतो, म्हणतो, आणि गाडी त्याच सह्यांवर चार हात फिरते. तिचा धोका सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०१८ मधल्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट झाला. त्या प्रकरणात मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं आणि २००९ मध्ये अपघात झाला. नुकसानभरपाईची जबाबदारी कोर्टाने नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर ठेवली. त्याने गाडी विकलेली होती, तरी.

म्हणून फॉर्म पूर्ण भरूनच सही करा: घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. राज्याबाहेर जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला दिली, तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का विचारा. २०२३ पासून अशा व्यापाऱ्याला फॉर्म २९ सी देऊन गाडी सोपवली की तिची जबाबदारी त्याच्यावर जाते. बिगरनोंदणीच्या एजंटाला हे लागू नाही.

गाडी सोपवताना दोघांच्या सहीचा कागद करा. त्यात तारखेबरोबर वेळही लिहा, मीटरचं रीडिंग, इंजिन आणि चेसिस नंबर, ‘जशी आहे तशी घेतली’ हे वाक्य, आणि त्या वेळेपुढची चलनं व अपघात घेणाऱ्याचे, हे कलम. त्याच्या आधार-पॅनची प्रत जोडा. हा कागद नाव बदलाला पर्याय नाही. मधल्या दिवसांचा आधार आहे.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. त्याचं पत्र मागून घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लागतो. फास्टॅग बंद करायला विसरू नका, नाहीतर नवा मालक पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडेल आणि पैसे तुमच्या खात्यातून जातील.

नाव बदलण्याचं काम सहसा घेणाऱ्यावर सोडलं जातं आणि तिथेच ते रेंगाळतं. सौद्यातली थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवायची मागणी घेणारे करतात. तुम्ही उलट अट घाला की मूळ फाइलमधली सर्व्हिसची बिलं, डेटा कार्ड आणि दुसरी किल्ली नवी आरसी दाखवल्यावर मिळेल. शौकीन माणसाला ती फाइल हवीच असते, त्यामुळे तो स्वतःच आरटीओच्या मागे लागतो. तुम्ही मात्र दर आठवड्याला पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहत राहा. तिथे नवं नाव दिसेल त्या दिवशी सौदा पुरा झाला समजा. तोवर पार्टीचा फोन नंबर पुसू नका.